शेवटचे पांच यार्ड

वार्षिक अंकासाठीं कांहीं लिहून पाठवावें असें संपादकांचें पत्र आलें, तेव्हां आम्ही अमेरिकेंत ओहायो राज्यांतील एका लहानशा गांवीं, चिरंजिवांच्या घरीं, स्वयंपाकघरांतील टेबलाशीं भुईमुगाच्या शेंगा सोलीत बसलों होतों. विषय कोणता घ्यावा हें सुचविण्याची तसदी संपादकांनीं घेतली नव्हती. जुन्या विद्यार्थ्याकडून जें येईल तें गोड करून घेऊं, एवढेंच आश्वासन होतें. तेव्हां ज्या गोष्टीनें गेलीं दोन वर्षें आमच्या मनांत घर केलें आहे तीच सांगावी असें ठरविलें. गोष्ट फुटबॉलची आहे; परंतु वाचकांनीं एवढ्यावरून आपल्या शाळेचें मैदान डोळ्यांपुढें आणूं नये. हा फुटबॉल निराळा.

त्याआधीं आमच्या उंचीविषयीं दोन शब्द सांगणें भाग आहे. आमच्या वेळीं ड्रिलच्या तासाला उंचीप्रमाणें रांग लावीत; ठेंगणे पुढें, उंच मागें. पांचवीपासून अकरावीपर्यंत सात वर्षें त्या रांगेंतील पहिली जागा आमची होती, आणि ती कोणी हिरावून घेण्याचा यत्न केल्याचें स्मरत नाहीं. खोखोंत आणि आट्यापाट्यांत या अंगकाठीचा लाभ होई. पाटीवरच्या गड्याच्या हाताखालून निसटतांना चार बोटें उंची कमी असलेलीच बरी. परंतु व्हॉलीबॉलचें जाळें बांधलें कीं ड्रिलमास्तर आमच्याकडे न पाहतांच म्हणत, "तूं गुण मांड." मग आम्ही खडू घेऊन फळ्याशीं उभे राहत असूं. त्यांचें चुकत होतें असें नाहीं. जाळ्याची वरची कड आमच्या हातांच्या बोटांहूनहि वर राही. तरी तो खडू हातांत घेतांना जें वाटे तें इतक्या वर्षांनींहि आठवतें, आणि पुढील हकीगतींत तें मधूनमधून डोकें वर काढील, याची वाचकांनीं आधींच कल्पना ठेवावी.

आतां खेळाविषयीं. या फुटबॉलमध्यें पायांचा संबंध मुख्यतः धांवण्यापुरता. चेंडू लांबट, दोन्ही टोकांस निमुळता, सुमारें ११ इंच लांब. तो हातांत धरून पळावयाचें किंवा हातानें पुढें फेंकावयाचें. मैदान १०० यार्ड लांब आणि ५३ यार्ड १ फूट रुंद. त्याच्या दोन्ही टोकांस दहा दहा यार्डांचा एकेक पट्टा जोडलेला असतो, त्यास 'एंड झोन' म्हणतात. मैदान आणि पट्टा यांच्यामधली ती गोलरेघ. प्रतिपक्षाच्या पट्ट्यांत चेंडू नेला किंवा तेथें तो झेलला म्हणजे 'टचडाऊन' होऊन सहा गुण मिळतात. प्रत्येक बाजूचे अकरा गडी. ज्यांच्याकडे चेंडू असेल त्यांना दहा यार्ड पुढें सरकण्यास चार संधी. तेवढ्यांत सरकले तर पुन्हां चार, नाहीं तर चेंडू दुसऱ्यांचा. फेंकणारा तो 'क्वार्टरबॅक', आणि झेलण्यासाठीं पुढें धांवणारे ते 'रिसीव्हर'. एवढें ध्यानांत ठेवलें म्हणजे पुढचें समजण्यास अडचण पडूं नये. आम्हांस मात्र एवढें समजण्यास सबंध एक हंगाम लागला.

आमचा नातू तेथील हायस्कुलाच्या संघांत रिसीव्हर आहे. उंची ५ फूट ६ इंच. घराण्याच्या मानानें ही प्रगतीच म्हणावयाची, परंतु त्या संघांत तो सर्वांत ठेंगणा. पाय मात्र हरणाचे. दर महिन्याच्या पहिल्या तारखेस तो स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीशीं टांचा टेंकून उभा राहतो, आणि आम्ही त्याच्या डोक्यावर वही आडवी धरून पेन्सिलीनें रेघ मारतों. टांचा उचलण्याची लबाडी त्यानें एकदांच केली, नंतर नाहीं.

सामने शुक्रवारीं संध्याकाळीं दिव्यांच्या उजेडांत होतात. गांवांतील निम्मीं माणसें लोटतात, शाळेचा बँड वाजतो, आणि कागदी पेल्यांतून गरम कोको विकतात. पहिल्या सामन्यास आम्ही कानटोपी घालून, वर मफलर गुंडाळून जाऊन बसलों. खेळ कळत नव्हता. पण एवढें कळलें कीं मैदानाच्या मध्यावर चेंडू पुन्हां पुन्हां आमच्या नातवाकडे येत होता. आठ यार्ड, बारा यार्ड, एकदां तर वीस. असें करीत करीत संघ गोलरेघेपासून पांच यार्डांवर येऊन ठेपला. आम्ही उभे राहिलों. तोंच कोचनें हात हलविला, आणि आमचा नातू धांवत मैदानाबाहेर आला. त्याच्या जागीं दुसरा मुलगा आंत गेला. पाठीवर आंकडा ८१, उंची ६ फूट ४ इंच. क्वार्टरबॅकनें चेंडू उंच भिरकावला, ८१ नें कोपऱ्यांत उडी घेऊन तो सर्वांच्या डोक्यांवरून काढून घेतला, सहा गुण झाले, बँड वाजूं लागला. नातू शिरस्त्राण कांखेंत धरून कडेला टाळ्या वाजवीत होता.

दुसऱ्या शुक्रवारीं तेंच. तिसऱ्या शुक्रवारींहि तेंच. नांगरट एकानें करावी आणि खळ्यावरची रास दुसऱ्यानें उचलावी, हा कोठला न्याय? त्या रात्रीं आम्हीं कागद घेऊन कोचला पत्र लिहावयास आरंभ केला. ताव एवढा कीं इंग्रजी मजकूर आधीं मराठींत मांडून घ्यावा लागला. सूनबाईनें तें पाहिलें. "बाबा, येथें असें पत्र कोणी लिहीत नाहीं हो," ती म्हणाली, "आणि तुम्हीं लिहिलेंत तर त्यालाच खालीं पाहावें लागेल." पत्र अर्धेंच राहिलें.

सकाळीं तें अर्धें पत्र नातवाच्या हातीं पडलें. त्यास मराठी वाचतां येतें हें आम्ही विसरलों होतों. आणि शिकविलें होतें आम्हींच. तो रागावला नाहीं. समोर परातींत सोललेले दाणे होते, त्यांतले मूठभर घेऊन त्यानें ते टेबलावर मांडले.

"आजोबा, ही टेबलाची कड म्हणजे मैदानाची शेवटची रेघ. तिच्यापलीकडे झेललेला झेल धरीत नाहींत. आतां आपण मध्यावर आहोंत असें समजा. पुढें पन्नास यार्ड आणि पट्ट्याचे दहा, मिळून साठ यार्ड मोकळे. मी पळून पाठीमागें जाईन या भीतीनें त्यांचे रक्षक दूर उभे राहतात. ते दूर उभे राहिले म्हणजे त्यांच्यापुढें जागा होते. त्या जागेंत मी झेलतों."

मग त्यानें सगळे दाणे कडेकडे सारले.

"आतां आपण पांच यार्डांवर आलों. मागें उरले किती? पांच आणि दहा, पंधरा. पळून जाणार कोठें? त्यांच्या पाठीशीं ती शेवटची रेघ आहे, ती त्यांचा बारावा गडी. ती दमत नाहीं आणि फसतहि नाहीं. अकराच्या अकरा जण या एवढ्याशा जागेंत उभे आहेत. माझे पाय तेथें काय कामाचे?"

"मग?" आम्हीं विचारलें.

त्यानें एक दाणा चिमटींत धरून डोक्याच्या वर नेला. "एवढीच जागा रिकामी आहे."

इतक्या सोप्या रीतीनें आम्हांस भूमिती कोणीं शिकविली नव्हती. मैदानाची लांबी संपली, रुंदी दाटली, आणि मग उंची हीच काय ती वापरावयाची राहिली. म्हणून तेथें उंच गडी आणतात. ६ फूट ४ इंचांच्या मुलापुढें ५ फूट ९ इंचांचा रक्षक असला तर सात इंचांचा फरक उभ्याउभ्याच पडतो. त्यांत हातांची लांबी आणि उडी मिळवली म्हणजे रक्षकाच्या बोटांच्या वर एक असा थर राहतो कीं तेथें चेंडू पोंचला तर तो एकाचाच. या फेंकीस ते लोक 'फेड' म्हणतात. रिसीव्हर मैदानाच्या कडेस उभा राहतो आणि मागच्या कोपऱ्याकडे तिरपा धांवतो. क्वार्टरबॅक चेंडू सरळ न मारतां वर चढवून त्याच्या बाहेरच्या खांद्यावर उतरवितो. चुकला तर बहुधा मैदानाबाहेर जाऊन पडतो. नुकसान म्हणजे चारांतली एक संधी. रक्षकाची अडचण दुहेरी. त्याचें तोंड रिसीव्हरकडे असतें, म्हणून चेंडू त्यास दिसत नाहीं. आणि चेंडू येण्यापूर्वीं अंगाशीं झोंबला तर पंच दंड करतो.

ही युक्ति फार प्राचीन आहे असें नाहीं. चेंडू पुढें फेंकण्याची मोकळीक या खेळांत १९०६ सालीं मिळाली. धंदेवाईक संघांच्या सामन्यांत १९३३ पासून १९७३ पर्यंत गोलाचे खांब गोलरेघेवरच रोंवलेले असत, म्हणजे नेमक्या ज्या जागेंत फेंकावयाचें तिच्या तोंडाशीं खांब उभे. १९७४ त ते पट्ट्याच्या मागच्या कडेस नेले तेव्हां ती जागा मोकळी झाली. तथापि उंच फेंकीचें कौतुक त्याआधींच सुरू झालें होतें. १९५७ सालीं सॅन फ्रॅन्सिस्कोच्या संघांत वाय. ए. टिटल हा फेंकणारा आणि ६ फूट ३ इंच उंचीचा, बास्केटबॉल खेळून आलेला आर. सी. ओवेन्स हा झेलणारा, यांची जोडी होती. टिटल चेंडू निव्वळ वर उडवी आणि ओवेन्स रक्षकांच्या घोळक्यांतून उसळून तो घेई. लोकांनीं या प्रकाराचें 'ॲली-ऊप' असें नांव ठेवलें. त्या वर्षीं ३ नोव्हेंबरला डेट्रॉइटविरुद्ध कांहीं सेकंद उरले असतां ४१ यार्डांवरून फेंकलेला असाच एक चेंडू ओवेन्सनें दोघां रक्षकांच्या मधून घेतला आणि सामना ३५-३१ असा जिंकून दिला.

बास्केटबॉलचा संबंध पुढेंहि सुटला नाहीं. अँटोनियो गेट्स हा ६ फूट ४ इंचांचा गडी याच ओहायोंतील केंटच्या विद्यापीठांत बास्केटबॉल खेळत असे; कॉलेजांत त्यानें फुटबॉल खेळलाच नाहीं. पुढें धंदेवाईक फुटबॉलांत त्यानें ११६ टचडाऊन झेलले. त्याच्या जागेवर खेळणाऱ्या दुसऱ्या कोणासहि तेवढे साधलेले नाहींत. पाठ रक्षकाकडे करून आपलें अंग भिंतीसारखें मध्यें घालावयाचें आणि चेंडूकडे वर पाहत राहावयाचें, ही बास्केटबॉलांतली सवय त्यास कामीं आली. नातवानें हें सांगितलें तेव्हां आम्हांस प्रथमच असें वाटलें कीं ८१ जें करतो तें केवळ जन्माचें दान नसावें.

कॅन्टन हें गांव आमच्याकडून मोटारीनें जवळ आहे. १९२० सालीं धंदेवाईक संघांची संघटना तेथें स्थापन झाली आणि १९६३ पासून नामांकित खेळाडूंचें स्मारकगृह तेथें आहे. एका शनिवारीं नातू आम्हांस तें पाहावयास घेऊन गेला. हॅरल्ड कारमायकेल या ६ फूट ८ इंच उंचीच्या रिसीव्हरची निवड २०२० च्या तुकडींत झालेली आहे, म्हणून त्याचा पुतळा मुद्दाम शोधला. पाहतों तों काय, सगळे पुतळे खांद्यापर्यंतच. ब्राँझचीं डोकीं ओळीनें मांडलेलीं, आणि उंची कोणाचीच कळत नाहीं! ड्रिलच्या रांगेंत सात वर्षें काढलेल्या माणसास त्या दालनांत किती बरें वाटलें असेल याची कल्पना वाचकांनीं करावी. आम्ही तेथें गरजेपेक्षां जास्त वेळ थांबलों.

पुढें थंडी वाढली आणि संध्याकाळीं जुन्या सामन्यांचीं चित्रें पाहण्याचा परिपाठ पडला. त्यांतून आमचें मत कधीं इकडे कधीं तिकडे होऊं लागलें.

१० जानेवारी १९८२ चा सॅन फ्रॅन्सिस्कोचा सामना घ्या. डॅलसविरुद्ध सहा यार्डांवर चेंडू आहे, एक मिनिटहि उरलेलें नाहीं. जो मॉन्टाना उजवीकडे पळतो, तिघे जण त्याच्या अंगावर येतात, आणि तो पट्ट्याच्या मागच्या कडेवर चेंडू इतका वर फेंकतो कीं तो वाया गेला असें वाटावें. ६ फूट ४ इंचांचा ड्वाइट क्लार्क उडी घेऊन बोटांच्या टोंकांवर तो झेलतो, सामना २८-२७. उंचीचा हा विजयच. परंतु अंगावर येणाऱ्या त्या तिघांत एड जोन्स होता, उंची ६ फूट ९ इंच. मैदानावरचा सर्वांत उंच माणूस खोट्या फेंकीला भुलून उसळला आणि चेंडू त्याच्या हातांवरून निघून गेला.

३ फेब्रुवारी २००८ ला ॲरिझोनांतील ग्लेन्डेल येथें 'सुपर बोल' म्हणजे वर्षाचा अंतिम सामना झाला. न्यू इंग्लंडचा संघ अठरा सामने सलग जिंकून आलेला. पस्तीस सेकंद उरले असतां १३ यार्डांवरून ईलाय मॅनिंगनें ६ फूट ५ इंचांच्या प्लॅक्सिको बरेसकडे डाव्या कोपऱ्यांत चेंडू चढविला आणि न्यू यॉर्क १७-१४ असें जिंकलें. समोरचा रक्षक ५ फूट ९ इंचांचा. उंच आणि ठेंगणा यांचें हें उदाहरण म्हणून लोक दाखवितात. आम्हीं तें चित्र पुन्हां पुन्हां पाहिलें. बरेस आंत वळण्याची एक हूल देतो, रक्षक तिकडे पाऊल टाकतो, आणि चेंडू येतो तेव्हां बरेसच्या आसपास कोणी नाहीं. त्यास उडी मारावीच लागली नाहीं! तें काम पायांनीं केलें. उंचीला नांव मिळालें.

लगेच पुढच्या वर्षीं, १ फेब्रुवारी २००९ ला टॅम्पा येथें, सॅन्टोनियो होम्स या ५ फूट ११ इंचांच्या गड्यानें सहा यार्डांवरून उजव्या कोपऱ्यांत तिघां रक्षकांच्या हातांवरून आलेला चेंडू घेतला. पुन्हां पस्तीसच सेकंद उरलेले, पिट्सबर्ग २७-२३. शरीर रेघेबाहेर झुकलेलें, आणि दोन्ही पायांचीं बोटें मात्र गवतावर. धंदेवाईक खेळांत दोन्ही पावलें आंत टेंकावीं लागतात. कॉलेजांत आणि हायस्कुलांत एक पुरतें. या शेवटच्या वाक्याकडे वाचकांनीं लक्ष द्यावें, पुढें तें लागणार आहे.

परंतु आमच्या नातवाचा आवडता सामना १ फेब्रुवारी २०१५ चा, पुन्हां ग्लेन्डेल येथलाच. न्यू इंग्लंड आणि सिॲटल यांच्यामधला. त्यांत प्रथम ६ फूट ६ इंचांच्या रॉब ग्रॉन्कोव्स्कीनें २२ यार्डांवरून उंच झेल घेऊन टचडाऊन केला. पूर्वार्धाचे दोन सेकंद उरले असतां सिॲटलच्या ख्रिस मॅथ्यूजनें ११ यार्डांवरून त्याचें उत्तर दिलें. या मॅथ्यूजच्या नांवावर तोंपर्यंत त्या लीगच्या सामन्यांत एकहि झेल नव्हता; उंची होती ६ फूट ५ इंच. उत्तरार्धांत न्यू इंग्लंडनें त्याच्यावर ब्रँडन ब्राउनर हा ६ फूट ४ इंचांचा रक्षक घातला आणि मॅथ्यूजचा प्रभाव ओसरला. उंचीस उंची भेटली म्हणजे दोन्ही बाजू जमिनीवर येतात. शेवटीं सिॲटल एका यार्डावर येऊन पोंचलें, चार गुणांनीं मागें, अर्ध्या मिनिटाहून कमी वेळ. त्यांनीं चेंडू वर न चढवितां आंतल्या बाजूस सरळ मारला, आणि ५ फूट ११ इंचांच्या माल्कम बटलरनें झेप घेऊन तो मध्येंच पकडला. सामना २८-२४, न्यू इंग्लंडचा. हीच चाल आधींच्या सरावांत प्रतिपक्षाची म्हणून खेळून दाखविली होती, आणि त्या वेळीं बटलर तिला फसला होता.

"सरावांत फसला म्हणून सामन्यांत सांपडली," नातू म्हणाला, आणि मग थोडा वेळ गप्प राहून त्यानें जें सांगितलें तें आम्हांस ठाऊक नव्हतें. मंगळवारीं आणि बुधवारीं सरावाच्या वेळीं कोच त्यास ८१ पुढें रक्षक म्हणून उभा करतो. पांच यार्डांवरून वीस वीस फेंकी होतात. डोक्यावरून बहुतेक सगळ्या जातात. ठेंगण्या मुलाच्या डोक्यावरून झेल घेण्याची संवय ८१ ला व्हावी, हें त्याचें काम.

"आणि तूं काय शिकतोस?" आम्हीं जरा तिखटपणेंच विचारलें.

"चेंडू पाहावयाचा नाहीं, त्याचे डोळे पाहावयाचे," तो म्हणाला. "ते मोठे झाले म्हणजे चेंडू जवळ आला. मग त्याच्या हातांच्या मधोमध हात घालून खालीं ओढावयाचें. वरती मी पोंचत नाहीं, पण त्याला खालीं तर यावेंच लागतें ना?" असे किती चेंडू पाडलेस, हें विचारावयाचें होतें. विचारलें नाहीं. कोचला लिहिलेलें अर्धें पत्र आम्हीं त्या रात्रीं बंबांत घातलें असें लिहिणें शोभून दिसलें असतें. पण त्या घरांत बंब नाहीं, तें कागदांच्या टोपलींत गेलें.

या फेंकीवर फार विसंबूं नये, ती दिसते तितकी हमखास नाहीं, असें म्हणणारेहि त्या देशांत पुष्कळ आहेत. आमच्या डोळ्यांसमोरच्या हंगामांत ८१ च्या हातून जितके सुटले तितके आम्ही मनांत मांडून ठेवीत होतों, हेंहि प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. फळा नव्हता, पण खडू होता.

हंगामाचा शेवटचा सामना बोचऱ्या पावसांत झाला. १७-२१ असे आम्ही मागें. अकरा सेकंद, गोलरेघ पांच यार्डांवर, चौथी संधी. कोचनें हात हलविला आणि ८१ आंत गेला. मात्र त्या दिवशीं दुसऱ्याच कोणास बाहेर बोलाविलें, आमचा नातू आंतच राहिला. डावीकडे ८१, उजवीकडे हा. सूनबाईनें आमचा दंड घट्ट धरला होता. चेंडू निघण्यापूर्वींच ८१ वर दोघे रक्षक सरकले. सगळ्या मैदानास ठाऊक होतें कीं तो तिकडेच जाणार. उजवीकडे नातवानें बाहेर पळण्याची हूल दिली आणि तो आंत वळला. अगदीं बरेसच्या उलट! तो पट्ट्यांत दोन यार्ड आंत, एकटा, हात वर केलेला. पांच हात अंतरावर कोणी नाहीं. आम्हीं तें स्पष्ट पाहिलें, कारण आम्ही दुसरीकडे पाहतच नव्हतों.

क्वार्टरबॅकनें चेंडू डावीकडे चढविला. ८१ दोघांच्या वर उठला, दोन्ही हातांनीं त्यानें तो घेतला, आणि खालीं आला. एक पाऊल पुरतें, हें वर सांगितलेंच आहे. तें पाऊल रेघेवर पडलें. पावसानें चुना पसरला होता. त्याच्या बुटाचा ठसा त्यांत उमटलेला पंचानें वांकून पाहिला आणि दोन्ही हात आडवे हलविले. संपलें.

मोटारींत कोणी बोललें नाहीं. घरीं आल्यावर नातू ओले मोजे काढीत जिन्याच्या पायरीवर बसला, तेव्हां आमच्यानें राहवलें नाहीं.

"तूं मोकळा होतास."

"हो."

"मग त्यानें तुझ्याकडे कां नाहीं फेंकला?"

"त्यानें मला पाहिलेंच नाहीं." तो थोडा वेळ मोजे पिळीत राहिला. "आणि पाहिलें असतें तरी, आजोबा, पांच यार्डांवरून मीहि एक्याऐंशीकडेच फेंकला असता. दोघांच्या मधून त्यानें किती वेळां घेतलेला मी पाहिला आहे. आज पाय चार बोटें बाहेर पडला, एवढेंच." मग तो वर गेला, आणि न्हाणीघरांत पाणी बराच वेळ वाहत राहिल्याचें ऐकूं येत होतें.

पुढल्या रविवारीं त्यानें ८१ ला जेवावयास बोलाविलें. त्या मुलास टेबलावरचा दिवा लागूं नये म्हणून मान वांकवून बसावें लागलें. त्यानें सहा पुऱ्या खाल्ल्या, श्रीखंड दोनदां मागून घेतलें, आणि सामन्याविषयीं चकार शब्द काढला नाहीं. त्याचा उजवा कोपर काळानिळा झाला होता. सूनबाईनें विचारलें, तेव्हां तो नातवाकडे बोट दाखवून म्हणाला कीं हें बुधवारच्या सरावांतलें. हा हात सोडीतच नाहीं. नातू खालीं पाहून हंसला.

तो दिवस पहिल्या तारखेचा होता. जेवणानंतर नातू चौकटीशीं टांचा टेंकून उभा राहिला, आणि आम्हीं वही धरून रेघ मारली. ती मागच्या महिन्याच्या रेघेवरच बसली. त्याच्या आधींच्या महिन्याचीहि तेथेंच होती. मग तो उंच मुलगा बूट काढून तेथें उभा राहिला. आमचा हात पोंचेना. नातवानें स्टूल आणून मांडलें आणि आम्ही वर चढलों, तेव्हां तो दोन्ही हातांनीं तें धरून उभा राहिला.